डावखुरीची सवय

विब्के : परत तेच. मुखवटा काढा जरा, हार्टविग. डावा कान शाबूत आहे का?

हार्टविग : आहे. गुणगुणतोय थोडा.

विब्के : गुणगुणणारच. सकाळपासून सगळ्यांनी तिथंच हाणलंय. आयुष्यात पहिल्यांदा दोन हातांची तलवार धरलेल्या त्या दंतवैद्यानंसुद्धा हात धुऊन घेतले.

हार्टविग : वय झालं. सत्तावन्न म्हणजे काय पोरवय आहे?

विब्के : वयावर ढकलू नका. पाय माझ्यापेक्षा हलके पडतात तुमचे. तलवार डोक्याशी धरलेल्या बैलाच्या पवित्र्यातून कमरेशी धरलेल्या नांगराच्या पवित्र्यात उतरता, ते तर मी पोरांना मुद्दाम बघायला लावते. पण वार आला की तलवार जाते उजवीकडे. समोरचा उजव्या हाताचा, त्याचा वार येणार तुमच्या डावीकडे. चोर पुढच्या दाराशी आणि कुत्रा परसात.

हार्टविग : मला कळतं गं. हातांना कळत नाही.

विब्के : हातांना कुणीतरी शिकवलंय हे. कुणी डावखुरा होता का जोडीला?

हार्टविग : डावखुरी. गेझीना. माझी बायको होती.

विब्के : होती म्हणजे...

हार्टविग : म्हणजे गेली, ब्रेमेनला. धडधाकट आहे. नऊ वर्षं आम्ही दोघंच खेळायचो, गाडी बाहेर काढून गॅरेजमध्ये. तिसरं कुणी नव्हतं. आम्हाला नकोच होतं.

विब्के : म्हणजे सगळा खेळ एकाच माणसाच्या मापानं बेतलाय. आणि दुसरी खोड? समोरच्याचा वरचा वार हुकला, डोकं उघडं पडलं, की तुम्ही थबकता.

हार्टविग : ते पण दिसलं तुला?

विब्के : शिकवायचा पगार मिळत नाही, पण डोळे आहेत.

हार्टविग : वरचा वार केला की गेझीनाचे हात खाली पडायचे. दर वेळी. डोकं आयतं मिळायचं. मी कधी तिथं मारलं नाही.

विब्के : निदान सांगितलंत तरी?

हार्टविग : नाही. विरस झाला असता तिचा.

विब्के : हा लाड झाला. शिकवणं नाही झालं. बरं, ऐका आता. महिनाभर उजवी बाजू विसरायची. डावीकडचा वार अडवायचा, पात्याला पातं लावून तिथंच थांबायचं, समोरचा रेटतोय की ढिला पडतोय ते जोखायचं, मग पुढं जायचं. सवय मोडली तर कासेलच्या सामन्यांना तुमचं नाव देते. नाहीतर नाही. लोकांनी तुम्हाला बडवलेलं मला बघवत नाही.

हार्टविग : मोडली, आणि गेझीना परत आली तर?

विब्के : हार्टविग...

हार्टविग : हसू नकोस. घरात माझ्याशिवाय कुणाचा आवाज नाही. रविवारी एकट्यापुरते बटाटे उकडतो, आणि मग गॅरेजमध्ये जाऊन तिचे वार अडवत बसतो. हवेतच. ती माझ्याकडे उरलीय ती एवढ्याच जागी. तेवढंही तू मोडायला सांगतेस.

विब्के : हसत नाहीये मी.

हार्टविग : गेल्या आठवड्यात तू ब्रेमेनला खेळून आलीस. तिथं होती का एक? उंच, डावखुरी, कपाळावर पांढरी बट?

विब्के : ती? ती होय तुमची गेझीना? हरले मी तिच्याकडून.

हार्टविग : तिच्या वरच्या वारानंतर डोक्यावर मारायचंस ना. हात पडतात तिचे तेव्हा.

विब्के : तिथंच गेले होते मारायला. हात नाही पडले तिचे. तलवार वरच होती, माझंच मनगट सापडलं.

हार्टविग : नीट आठवतंय? एकदाही पडले नाहीत?

विब्के : एकदाही नाही.

(हार्टविग बाकावर बसतो. हातमोजे काढतो, पुन्हा घालतो.)

हार्टविग : म्हणजे कुणीतरी तिला तिथं मारलं.

विब्के : पुष्कळदा. त्याशिवाय जात नाही ती खोड.

हार्टविग : जोरात लागलं असेल का गं?

विब्के : मुखवटा असतो की डोक्याला.

हार्टविग : हो. मीच घेऊन दिला होता. डावीकडे म्हणालीस ना? पहिल्यांदा जरा हळू मार.