तेवढा झेंडा धर

...आणि वर मलाच विचारत होते, झेंडा उचललास कशाला! अहो, झेंडा उचलायलाच देतात ना? की थंडी वाजली तर अंगावर घ्यायला देतात? नाही, तुम्हीच सांगा. तुम्ही बाहेरचे आहात, तुमचं कोणी आमच्या थॉर्नशॉ गावाकडून खेळत नाही, तुमच्याशी निदान बोलता तरी येतं. गावात माझ्याशी बोलायला दोनच माणसं उरली होती. एक माझी बायको डोरीन, आणि ती बोलणार म्हणजे काय, 'बूट बाहेर काढ', की संपलं! आणि दुसरा खाटीक. त्याला ऐकू कमी येतं, त्यामुळे त्याला काय झालं ते कळलेलंच नव्हतं. पाच आठवडे हो! पाच आठवडे! आणि तुम्हाला सांगतो, मी नुसता बघायला गेलो होतो!

एकतीस वर्षं बघतोय. हा विल्फ सग्डन शनिवारी दुपारी कुठे असतो असं गावात कोणालाही विचारा... म्हणजे त्या पाच आठवड्यांत विचारलं असतंत तर थुंकले असते... पण एरवी विचारलंत तर सांगतील, मैदानावर, कठड्याला टेकून, नेव्हिलच्या डाव्या हाताला. टीव्हीवर दिसतं ते रग्बी लीग वेगळं बरं का! तिथे गवत हिरवं असतं. आमचे तेरा जण म्हणजे दोन प्लंबर, एक पोस्टमन, एक शाळेतला मास्तर, आणि उरलेले आदल्या दिवशी हाताला लागतील ते. मैदान असं उतरतं की पहिला अर्धा वेळ उतारावर धावायचं आणि दमलात की चढायचं. बघणारे चाळीस. कुत्री धरून सत्तेचाळीस. पाऊस डोंगरावरून आडवा येतो, हातात वाटाण्यांची वाटी, वर पुदिन्याचा सॉस, निम्मं तोंडात, निम्मं बाहीवर... आणि सुख म्हणजे दुसरं काय असतं हो?

आता बघणं म्हणजे डोळ्यांचं काम, असं तुम्हाला वाटत असेल. छे! बघणं हे घशाचं काम आहे. 'दहा मीटर, रेफ्री! दहा मीटर मागे घे त्यांना!' हे पहिल्या मिनिटाला ओरडायचं, ते दहा मीटर मागे असोत की वीस. चेंडू मागेच टाकायचा असा नियम आहे ना? मग समोरच्यांनी कसाही टाको, आपण 'पुढे टाकला! पुढे टाकला!' करायचं. आणि रेषेला नुसता पाय लागला तरी माणूस बाहेर, म्हणून समोरून रेषेच्या कडेने कोणी धावलं, की हात वर करून 'बाहेर! पाय बाहेर!' माझं तर हे इतकं अंगवळणी पडलंय की कोण धावतोय ते बघायचीही गरज नाही. थड-थड-थड ऐकू आलं की हात वर! मग तो आपलाच असला तर नेव्हिल माझी बाही खाली ओढतो, 'विल्फ्या, आपला आहे रे, आपला!' एकतीस वर्षं माझा हात वर जातोय आणि नेव्हिल बूथरॉइड तो खाली ओढतोय. संसारसुद्धा एवढे नीट चालत नाहीत लोकांचे.

तर त्या दिवशी मोसमातला शेवटचा सामना. समोर विंडले. दोन मैलांवरचं गाव, पण माणसं अशी की त्यांच्याकडे लग्नाला गेलो तरी मी जेवणाचं कौतुक करत नाही. हरलो तर आम्ही खालच्या गटात जाणार. आणि त्यातून नेव्हिलच्या गॅरेथचा शेवटचा सामना. पोरगा छत्तीसचा, गुडघा गेलेला, डॉक्टरने सांगितलंय, आता पुरे. सतरा मोसम विंगेवर, म्हणजे अगदी कडेच्या रेषेलगत धावला, पण विंडलेविरुद्ध चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून केलेली एक ट्राय नाही! एकही नाही! नेव्हिल सकाळपासून माझ्या कानाशी, 'आज करतोय बघ. आज करतोय.' बायको गेल्यापासून त्याला दुसरं आहे कोण? गॅरेथ आणि शनिवार. आणि शनिवारात मी.

एवढ्यात बेरिल आली. बेरिल म्हणजे आमची क्लबची सेक्रेटरी, चहावाली, कपडे धुणारी, सगळं तीच. हातात झेंडा. 'विल्फ, तेवढा झेंडा धर रे.' म्हटलं, 'मी? आपला नेहमीचा झेंडेवाला रॉनी कुठाय?' 'स्पेनला गेलाय, लेकीकडे.' शेवटच्या सामन्याला! स्पेनला! आमच्याकडे रेफ्री बाहेरून येतो, पण रेषेवर उभा राहणारा झेंडेवाला ज्याच्या-त्याच्या क्लबने द्यायचा, एका कडेला त्यांचा, एका कडेला आपला. आणि आपल्याने आपल्या माणसावर झेंडा उचलायचा नाही. असं कुठे लिहिलेलं नाही, पण तसं पाहिलं तर आईला धक्का मारू नये हेही कुठे लिहिलेलं नाही. मी म्हटलं, 'बेरिल, मी नुसता बघायला आलोय.' ती म्हणाली, 'मग? तेच तर काम आहे!' आणि नेव्हिलने मला चक्क कठड्याखालून पलीकडे ढकललं. 'जा जा! एकतीस वर्षं झेंडेवाल्यांना आंधळे म्हणतोयस, आता कळू दे.'

तुम्हाला सांगतो, कठड्याच्या पलीकडे जग वेगळं असतं. पाच मिनिटांत विंडलेचे लोक मागून, 'काय आजोबा, जागे आहात ना?' ते ठीक आहे, ते विंडलेचेच. पण आपले? ज्यांच्याबरोबर मी उभा राहतो ते आपले? 'ए विल्फ, वाकून धाव!' 'ए विल्फ, झेंडा आहे तो, मासे धरायचा गळ नाही!' आणि चहाच्या खिडकीतून बेरिल, 'सरळ धर!' मी वर, मी खाली, उतारावर, चढावर, ह्या वयात! दम लागला, चष्म्यावर पाणी, काही म्हणजे काही दिसेना. मी काय ह्यासाठी आलो होतो? मी नुसता बघायला आलो होतो हो!

शेवटचं मिनिट. विंडले अठरा, आम्ही सोळा. एक ट्राय म्हणजे चार गुण, म्हणजे जिंकलो. चेंडू तिकडे लांब, पलीकडच्या कडेला, चिखलात पंचवीस माणसांचा ढीग. मी म्हटलं, तोवर चष्मा पुसून घेऊ. काढला. मफलरच्या टोकाने पुसतोय. आणि... थड-थड-थड-थड!

हात वर.

ओढायला नेव्हिल कुठाय? तो कठड्याच्या पलीकडे!

चष्मा लावून बघतो तर गॅरेथ गोलरेषेच्या पलीकडे पडलेला, चेंडू पोटाखाली, आणि आमचे लोक नाचतायत, बेरिल खिडकीतून अर्धी बाहेर, आणि नेव्हिल... नेव्हिल नाचत नव्हता. टोपी काढून छातीशी धरून उभा होता. रेफ्री वीस पावलं मागून चिखल तुडवत आला, म्हणाला, 'झेंडा आहे का?' मी वर बघितलं. होता. माझ्याच हातात होता. काय सांगू त्याला? 'साहेब, चष्मा पुसत होतो, हात सवयीने गेला' असं सांगू? सांगायला हवं होतं. एवढंच वाक्य होतं, आणि मला लाज वाटली. चाळीस माणसांसमोर, सत्तेचाळीस जिवांसमोर मला लाज वाटली, आणि मी म्हटलं, 'आहे. पाय बाहेर होता.'

शिट्टी. ट्राय नाही. सामना खलास. आम्ही खालच्या गटात.

नेव्हिल ओरडेल असं वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं! तो जवळ आला, हळू आवाजात म्हणाला, 'बाहेर होता?' म्हटलं, 'होता.' 'बघितलास?' ... 'बघितला.' त्याने टोपी घातली आणि निघून गेला. तोवरच्या आयुष्यात त्याच्याशी मी एकदाच खोटं बोललो, आणि तेही दोन शब्दांत.

बरं, एवढ्यावर थांबावं ना? नाही! विंडले क्लबचं पत्र आलं! 'आपले झेंडेवाले श्री. सग्डन यांच्यासारख्या प्रामाणिक माणसांमुळेच हा खेळ टिकून आहे.' प्रामाणिक! मी! बेरिलने ते पत्र फलकावर लावलं, चार टाचण्या ठोकून, आणि त्यातली एक बरोब्बर माझ्या नावात.

मुख्य संघाचा मोसम संपला तरी शनिवारी कोणी ना कोणी खेळतंच, बायकांचा संघ, म्हाताऱ्यांचा संघ. मी गेलो. नेव्हिल पार त्या टोकाला, गुणफलकापाशी. माझ्या उजव्या हाताला रिकामा कठडा. तुम्ही कधी एकट्याने 'दहा मीटर!' असं ओरडून बघितलंय? नका ओरडू. पुढे कोणी 'अरे दहा कसले, पाच!' म्हणायला नसलं की आपलाच आवाज आपल्याला वेड्यासारखा वाटतो. तिसऱ्या शनिवारी मी ओरडणंच सोडलं. घरी आलो तर डोरीन म्हणाली, 'बरं नाही का?' बूट घालून आत आलो होतो, तरी काही बोलली नाही.

मग एका गुरुवारी मी मळ्यात कांद्यासारख्या लीकच्या पातीला माती लावतोय, तर समोर गॅरेथ! लंगडत आला. म्हटलं, आता हा मारणार, आणि मारू दे. तर तो म्हणतो, 'विल्फकाका, पाय बाहेर होता.'

'काय?'

'घरी जाऊन बूट धुतला, तर टाचेला रेषेचा पांढरा रंग. चांगला बोटभर. तुम्ही बरोबर बघितलंत.'

बघितलंत म्हणे! मी फावडं टाकलं. म्हटलं, 'अरे गाढवा, मग बापाला सांग ना! पाच आठवडे मी...' तर त्याचे डोळे भरले. 'नाही सांगवत, काका. ते रोज पबमध्ये सांगतात ना सगळ्यांना. इथून घेतला, असा वळला, तिघांना चुकवला... सतरा वर्षं पावसात उभे होते त्या एका ट्रायसाठी. तेवढं त्यांच्याकडे राहू दे.'

आता बोला! म्हणजे मी न बघता खरं सांगितलं होतं, आणि ते खरं ठरल्याचा उपयोग शून्य! बोटभर पांढरा रंग होता, माझी अब्रू परत मिळवायला पुरेसा, आणि तो ह्याने नळाखाली धुऊन टाकला. रात्रभर कूस बदलत होतो. नेव्हिलची ट्राय ठेवायची, तर मी आंधळा व्हायला हवा. मी डोळस राहायचं, तर त्याची ट्राय जाते. आणि मी तर नुसता बघायला गेलो होतो हो!

शनिवारी गेलो सरळ गुणफलकापाशी. म्हटलं, 'नेव्हिल, चुकलो. पाय आत होता. मला दिसलंच नाही, चष्मा हातात होता.' पहिलं खोटं, दुसरं खरं, आणि आवाज दोन्हीला सारखाच कापला.

त्याने वाकून माझ्या चष्म्यात बघितलं. मग म्हणाला, 'एवढंच सांगायला पाच आठवडे लावलेस, लेका?' आणि माझ्या दंडाला धरून चालायला लागला, आमच्या जागेकडे. वाटेत डबकं आलं. 'जपून,' म्हणाला, 'डावीकडे पाणी आहे.'

इथेच मला संशय यायला हवा होता.

कारण त्याने सगळ्या गावाला सांगितलंय! विल्फची नजर गेली! आता लोक बोलतात माझ्याशी, सगळे बोलतात, पण जवळ येऊन, मोठ्याने, आधी स्वतःचं नाव सांगून. बेरिल मला फलकावरच्या सूचना वाचून दाखवते. माफ केलंय हो सगळ्यांनी. आंधळ्यावर कोण रागावणार?

आणि नेव्हिल... नेव्हिल मला सामना सांगतो. सगळा. शेजारी उभा राहून, कानात, पहिल्या मिनिटापासून. परवा बायकांचा सामना होता. माझ्यासमोर, दहा पावलांवर, लख्ख चष्म्यातून मला दिसतंय, आमच्या पोस्टमनच्या बायकोने चेंडू पुढे टाकला, चांगला हातभर पुढे! आणि हा माझा हात थोपटत म्हणतो, 'मागे टाकला, विल्फ्या. काय सुंदर मागे टाकला!' आणि मी... एकतीस वर्षं कमावलेला घसा गिळला, आणि म्हटलं, 'हो का? बरं झालं सांगितलंस.'