गालावर तीळ असलेला भाऊ

सिनेमा एका वाक्यात कसा सांगू नये, ते आमच्या बबन्याला विचारा! उरणात तंबूतला सिनेमा आला, आणि टांग्यातून भोंग्यावर जाहिरात करायला हा. मालकानं बजावलं, “गोष्ट एकाच वाक्यात सांग, शेवट फोडू नको. तंबू भरला नाही तर उद्यापासून येऊ नको.”

बबन्या कोळीवाड्यात जाऊन ओरडला, “जत्रेत हरवलेला, गालावर तीळ असलेला भाऊ दुःखी बहिणीला सापडेल का होऽऽ?”

लोकांना वाटलं, दवंडीच आहे! संध्याकाळी अख्खा कोळीवाडा तंबूवर हजर, आणि मध्ये धरून आणलेला तीळवाला पांडू.

“ह्यो घ्या भाऊ! बहीण कुठं हाय?”

मालकानं कपाळाला हात लावला आणि पोस्टरवरची नटी दाखवली. “अरे, बहीण सिनेमातली आहे!”

पांडू तिच्याकडे बघतच राहिला. मग हात जोडून म्हणाला, “एकवीरा आई पावली! मी हिचा भाऊ न्हाय!”