दोर ढिला सोडायचं वय

ताई, लोहा तालुक्यातली दीडदोनशे लेकरं म्या पवाया शिकिवली, लिवून घ्या. मला सोताला पवता येत न्हाई, हे बी लिवा, न्हाईतर आमच्या घरची मानसं तुमच्या कागदाला हसतील.

माजं नाव किसन. शाळेत म्हनशान तर एकच दिवस गेलतो. त्या टायमाला जल्माची तारीख कोनाला ठावं नसायची, मास्तर म्हनायचे, उजवा हात डोक्यावरून घे आन् डावा कान धर, धरला की लिवलं नाव पयलीत. माजा हात काय पुरला न्हाई. डोस्कं लई मोटं, आत कायी नसून. मास्तर म्हनले फुडल्या साली ये, आन् मी जो म्हशीमागं गेलो तो गेलोच.

आता पवता का येत न्हाई, तर काय सांगू तुमाला, आमच्या आज्याला, बापाला गावच्या थोरल्या हिरीला शिवू देत नव्हते. कोनी वरून वतलं तर खाली वंजळ धरायची. मंग आमाला पवाया कोन शिकिवनार? आन् त्याच हिरीच्या काठावर मी तीस उनाळे दोर धरून हुबा ऱ्हायलो बघा. म्हंजे कसं, लेकराच्या कमरंला दोर बांधायचा, पान्यात एक पवनारा गडी लागतो, आन् वर दोर धराया एक जड मानूस लागतो. मी जड. तेवढीच लायकी.

लोकं इचारायचे, किसनदादा, लेकरू कितव्या वर्साला आनावं? मी आपलं मास्तरचंच माप सांगायचो, हात कानाला पुरला की आना. पन खरं सांगू का, कान-बिन समदा बहाना हाय. कळतं ते दोरात. चार-पाच दिस लेकरू दगडावानी लोंबतं, आपले हात काचतात, जीव बेजार होतो. आन् मंग एका दिशी, का ते कोनाला ठावं, दोर हलका होतो. वजनच जातं. लेकरू तेच, पानी तेच, पन पान्यानं त्याला उचलून घेतल्यालं असतं. तवा आपुन दोर ढिला सोडायचा, गपचिप, लेकराला सांगायचं न्हाई, सांगितलं की बुडतंच ते. इतक्या बारीला बघितलं, पन दर बारीला अंगावर काटा येतो. कोन उचलतं वो त्याला? एका मास्तरला इचारलं तर ते म्हनले सायन्स हाय. असंल.

तर आता आमी आखाड्यावर, म्हंजे शेतातल्या घरी, राहून राहिलो. पोरगा नांदेडला आटो चालिवतो, आठ दिसाला येतो, पवाया त्यो बी शिकला न्हाई. हितं मी, सून सुजाता आन् नात आमू, चार वर्साची. आखाड्याच्या दारातून वीस पावलावर हिर, तिला कठडा न्हाई, पानी तीन परस, म्हंजे तीन मानसं एकावर एक बुडतील. उनाळा लागला तवा शेळीच्या पिलामागं पळत आमू पार काठाला गेली, सुजातानं मागून फराक धरला म्हनून ऱ्हायली. त्या दिशीच सून म्हनली, मामा, हिला पवाया शिकवा. म्या म्हनलं, अगं हात कुटं कानाला पुरतोय तिचा. ती म्हनली, हिर काय कान बघून आत घेती का?

सुजाता गोदावरीकाठची, बापानं नदीत शिकिवल्याली, मासोळीच म्हना. ती उतरली पान्यात, आमूच्या कमरंला दोर, दुसरं टोक माज्या हातात, हुबा ऱ्हायलो काठावर. चार दिस झाले, आठ दिस झाले. पोरगी हात मारती, पाय मारती, पन तितल्या तितंच. दोर कायी हलका होईना. मी रोज म्हनायचो, सांगितलं नव्हतं का, ल्हान हाय अजून, खामखा लेकराचे हाल. सून दुसऱ्या दिशी फिरून उतरायचीच.

नवव्या दिशी ती पान्यातून म्हनली, मामा, जरा दोराकडं बघा.

बघितलं तर काय, दोर तारंवानी तानल्याला, आन् पोरगी छातीपस्तोर पान्याच्या वर. मीच तिला लोंबकळत धरल्याली. मी वजन जायची वाट बघून राहिलो, आन् वजन मीच वर वडून राहिलो, आठ दिस. दुनियेची लेकरं बराबर सोडली म्या, घरच्या लेकराच्या पाळीला हात गच्च.

सुजाता म्हनली, मी हाय ना खाली, सोडा. हाव हाव म्हनलं, पन बोटंच उघडनात. मनात ती फराकाची गोष्ट फिरून राहिली, पिलू काठावर, आन् फुडल्या टायमाला सुजाता घरात असली तर? मंग डोळे झाकले, आन् एक हातभर दोर सोडला. अजून एक हातभर.

आन् ताई, वजन गेलं.

म्या डोळे उघडले. आमू हिरीच्या मधी, दोर पान्यावर सापावानी पडल्याला, आन् ती चालली आपली, हनुवटी वर करून, फुर्र फुर्र करत. आमच्या सात पिढ्यांत पवनारं पयलं लेकरू, आन् त्याला तोंडभर दात बी न्हाईत, फुडचा एक आपटून पडल्याला. म्या उपरन्यानं तोंड पुसलं. रडलो का म्हनता? घाम व्हता तो, घामच लिवा.

आता लोकं फोन करतात, दादा, लेकरू कितव्या वर्साला आनू? मी म्हन्तो, सुनंला इचारा. मायलेकी रोज दुपारी उतरतात, मी दोर घिऊन जातोच, बांधतो बी, तेवढाच आपला मान. काल आमू मधीच थांबली, पान्यातूनच माज्याकडं बघितलं आन् म्हनली, आबा, तू घरी जा ना, तुज्या दोरात माजा पाय अडकतो.