क्लचशिवाय

“आधी खालचा गिअर टाका, मग गप्पा मारा,” चढ आला की बायको बजावायची. ती गेली, तरी जीपच्या शोरूममध्ये बाकावर बसलेल्या बाबांना तोच आवाज ऐकू येत होता. शेजारी लेक, चारचौघांच्या देखत, हट्टाला पेटली होती.

“बाबा, जीप ऑटोमॅटिकच घ्या. त्या दुखऱ्या गुडघ्याने क्लच दाबवत नाही तुम्हाला.”

“गिअर न टाकता डोंगर चढायचा? मग मी काय नुसतं ओझं?”

“आणि घरी बसून काय आहात?”

“तुझी आई नुसत्या गिअरच्या आवाजावरून सांगायची, खिंड किती लांब आहे ते.”

“तिला शब्द दिलात, खिंडीपलीकडच्या मावशीला दर महिन्याला भेटेन म्हणून. तीन महिने झाले, एकदाही गेला नाहीत.”

“ठाऊक आहे गं.”

“शब्द गिअरचा दिला होता, की भेटीचा?”

बाबांनी विक्रेत्याकडून ऑटोमॅटिक जीप चाचणी फेरीसाठी मागून घेतली आणि गुपचूप खिंडीचा रस्ता धरला.