पहिली सासू

रामवाडीच्या थांब्यावर हुमेरा रोह्याच्या गाडीची वाट बघत होती, पण कान होते शेजारी बसलेल्या, जोहे गावच्या गणपती कारखान्यातल्या दोघींकडे.

"नंदा, मालिका लागली, पण सासू तू नाय गो?"

"चॅनेलला दाखवायचा नमुन्याचा भाग मला सासू करून काढला, पारी. तो बघून चॅनेलनं सासू मुंबईची घेतली. माझा भाग कुणाला दाखवलाच नाय."

"वाईट वाटलं असंल."

"कशाला? कारखान्यात पयल्या मूर्तीवरनं साचा काढतो, ती कदी बाजारात जाते? पण हजार गणपतींना नाक तिचंच. मुंबईवाली रोज कमरेवर हात ठेवून 'कल्याण झालं गो बाय!' म्हणते, ते कुणाचं?"

"तुझंच गो!"

रोह्याची गाडी न थांबताच गेली. हुमेराचे दोन्ही हात कमरेवर गेले.

"कल्याण झालं गो बाय!"

"पारी, ही बघ, साच्यातनं आणखी एक निघाली!"