अकरा दहाचं ऑपरेशन

डॉ. तनुजा : पुन्हा सांगा, राजकुमार. बासितभाईंनाही ऐकू द्या. ऑपरेशनचं रजिस्टर तेच लिहितात, तुमच्या आरोग्य योजनेला क्लेमचे कागदही त्यांनीच पाठवलेत.

राजकुमार : नियम साधा आहे, मॅडम. गोजरबाईंचं ऑपरेशन अकरा दहाला सुरू झालं. योजनेची मंजुरी तीन चाळीसला आली. म्हणून क्लेम नामंजूर.

डॉ. तनुजा : वा! अपेंडिक्स फुटलेलं, पोटात पू. त्या पुवाला काय सांगायचं होतं, साहेबांचं जेवण होऊ दे?

राजकुमार : तातडीच्या केसला फोनवर मंजुरी मिळते.

बासित : मिळती ना साहेब. मैं खुद सतरा बार लगाया. दर बारीला बाई म्हणती, तुमचा फोन आमच्यासाठी लई महत्त्वाचा हाय. पुढं नुस्तं म्युझिक.

राजकुमार : शिवाय ऑपरेशनच्या फोटोत सर्जनचा चेहरा दिसत नाही.

डॉ. तनुजा : मास्क होता.

राजकुमार : कळतं. पण चेहरा लागतो.

डॉ. तनुजा : मास्क काढला असता तर स्वच्छता पाळली नाही म्हणून पैसे कापले असते! गोजरबाई परवा आपल्या पायांनी घरी गेली. ते कुठं लिहू?

राजकुमार : त्याला रकाना नाही.

डॉ. तनुजा : नसणारच. तुम्हीही डॉक्टर ना हो?

राजकुमार : गुलमंडीत नऊ वर्षं दवाखाना होता.

डॉ. तनुजा : आणि आता कागदांची नाडी बघता. छान.

राजकुमार : चिडू नका. ही तुमची दुसरी नामंजुरी. तिसरी झाली की हॉस्पिटल योजनेतून बाहेर. रजिस्टरमध्ये वेळ तीन पन्नास करून टाका, मी अपील पुढं सरकवतो. सगळेच करतात.

बासित : गलती मेरी हाय, मॅडम. बाकीचे मंजुरी बघून मग वेळ टाकतात. मी भिंतीवरचं घड्याळ बघून लिव्हली. बावीस वर्षं तीच सवय.

(आतून बेल वाजते.)

बासित : सिस्टर हाय. हर्सूलहून आज आणलेल्या त्या पोरीसाठी, श्रेयासाठी. पोट लाकडावाणी झालंय म्हणं. सकाळीच मंजुरी मागितली, अजून पेंडिंग. बापाकडं भरायला काय नाय.

राजकुमार : मॅडम, या वेळी तरी थांबा. ही तिसरी होईल.

डॉ. तनुजा : मला भीती वाटत नाही असं समजू नका. योजना गेली तर उद्या अशा पोरींनी जायचं कुठं? चला आत. तिच्या पोटाला हात लावा आणि थांबा म्हणा. मी थांबते.

राजकुमार : तो माझा अधिकार नाही.

डॉ. तनुजा : पैसे कापायचा तेवढा आहे. बासितभाई, भूलवाल्या डॉक्टरांना बोलवा. आणि रजिस्टर घ्या.

बासित : वेळ कोणती टाकू, मॅडम?

डॉ. तनुजा : तुम्हाला हे कधीपासून विचारावं लागतं?

बासित : नाय, नाय. घड्याळ बघूनच लिव्हतो.