माझी आई पहिलीत आहे

…आणि वर म्हणते, "डोळा ठेवलास! डोळा कोण खाणार?" अहो, माशाचा डोळा! सॅमन माशाची अख्खी मुंडकी, उन्हाळ्यात खड्ड्यात पुरून आंबवलेली, झाकण उघडलं की शाळेच्या जिममधली निम्मी माणसं "अहाहा" करतात आणि निम्मी दाराकडे सरकतात… मी सरकणाऱ्यांतला! तीस वर्षं अँकरेज शहरात राहून जीभ नाजूक झालीय माझी, खिशात ॲसिडिटीच्या गोळ्या असतात. पण सरकणार कुठे? समोर आई उभी. कमरेवर हात, पुढचे दोन दात पडलेले, वय वर्षं सहा!

हसू नका. तुम्हाला सांगतो, आम्हा बर्फाळ मुलखातल्या युपिक लोकांत माणूस गेलं की नंतर जन्मलेल्या पोराला त्याचं नाव ठेवतात, आणि नुसतं नाव नाही हो, नावाबरोबर माणूसच परत येतं! माझी आई मीसाक सात वर्षांपूर्वी गेली. चार महिन्यांनी शेजारच्या मोझेसला मुलगी झाली, तिचं नाव ठेवलं मीसाक… झालं! गावानं ठरवून टाकलं, येवोनची आई आली. मी छप्पन्नचा. मोझेस पस्तिशीचा, धावपट्टीवर मला घ्यायला आला, बॅग उचलली आणि म्हणतो कसा, "चला दादा, तुमच्या आईनं सकाळपासून डोकं उठवलंय."

मुळात मी येणारच नव्हतो! बलाशा मावशीचा फोन आला. मावशी ऐंशीची, फोनवर बोलते ते नदीपलीकडच्याला हाक मारल्यासारखं. "येवोन! नाचाचा उत्सव आहे! तुझी आई पहिल्यांदा नाचणार, तिच्या पुढ्यात तू बसायचंस! जमत नसेल तर राहू दे, तिला पोचवायला तरी कुठं आला होतास!"

लागलं ना हो. धुकं होतं त्या वेळी, विमानं बंद होती! …एक दिवस बंद होती. दुसऱ्या दिवशी सुटली. मी नाही आलो. घरात ती नसेल आणि तिचे बूट दाराशी असतील, ते बघवलं नसतं मला… जाऊ द्या.

तर जेवण. मावशीनं गेलेल्या बहिणीच्या आवडीचं सगळं मांडलं होतं आणि मान आधी आईला. वाळवलेला मासा सीलच्या तेलात बुडवून दिला. आईनं हुंगला, नाक मुरडलं आणि माझ्या ताटात टाकला. वॉलरसचा तुकडा… माझ्या ताटात. ते मुंडकं… माझ्या ताटात! मी म्हटलं, "मावशी, हिला आवडत नाहीये!" तर मावशीच्या डोळ्यांत पाणी. "बघ, अगदी तीच! आधीपण अशीच करायची. स्वतः खायची नाही, सगळं लेकाला!"

आता आईला कोण काय बोलणार!

स्वतःच्या ताटात तेवढं अकुतक ठेवून घेतलं. चरबी, साखर आणि बेऱ्या फेटून केलेलं, पांढरं, गोड. ते बोटांनी चाटत माझ्यावर नजर. "डोळा!" म्हणाली. खाल्ला हो. डोळे मिटून डोळा खाल्ला!

मग नाच. आमच्याकडे पुरुषांनी पुढे गुडघ्यांवर बसायचं, बायकांनी हातात विणलेले पंखे घेऊन मागे उभं राहायचं, गाण्यातली गोष्ट हातांनी दाखवायची. छप्पन्न वर्षांचे गुडघे आणि जिमची फरशी! मी मावशीला विचारलं, "गाणं कुठलं?" "तुझ्या आईनं रचलेलं. तू शहरात गेल्यावर. ढोलवाल्या म्हाताऱ्याकडे बघ आणि करत जा."

ढोल सुरू झाले. बाई बेऱ्या वेचतेय… बरं, वेचल्या. कान देते… दिला. विमानाचा आवाज येतो. कपाळावर हात, वर बघते. मग हात पसरून विमान… विमान गावावरून जातं. उतरत नाही. बाई पुन्हा बेऱ्या वेचते.

एवढंच गाणं.

मला कुणी सांगितलं नव्हतं हो! तीस वर्षं हे गाणं या जिममध्ये नाचलं जातंय, अख्ख्या गावाला पाठ, एक मी सोडून! आणि लोकांना नाच आवडला की लोक ओरडतात, "पम्युआ!" म्हणजे पुन्हा, अजून जोरात. पम्युआ! विमान आलं, गेलं. पम्युआ! आलं, गेलं. गुडघ्यांतून कळा, पोटात तो मासा, नाक वाहतंय, पुसायला हात मोकळा नाही, दोन्ही हातांचं विमान! आणि सगळ्यात मोठ्यानं पम्युआ कोण ओरडतंय? माझ्या मागे उभी, माझी आई!

पाचव्यांदा विमान निघालं आणि पाठीत लाथ बसली. "उतरव की!"

मी कुजबुजलो, "आई, गाण्यात उतरत नाही."

"मग ती बाई रोज बघते कशाला? उतरव!" हातातले पंखे टाकले तिनं, पुढे आली, माझे दोन्ही पंजे धरून दाणकन फरशीवर आपटले. "हां. उतरलं."

ढोल थांबले. आमच्याकडे गाणं असं बदलत नाहीत हो, मनाला येईल तसं! मी मावशीकडे बघितलं, वाटलं आता पोरीची खैर नाही. मावशीनं ढोलवाल्याकडे बघितलं. ढोलवाला म्हातारा बराच वेळ काठीनं कान खाजवत राहिला. शेवटी म्हणाला, "गाणं तिचंच आहे. आता आईला कोण काय बोलणार?" आणि सहाव्यांदा ढोल वाजवला, विमान उतरवून.

मी? मी उठलोच नाही. गुडघे धरले होते म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं.

आता दर रविवारी फोन असतो. जेवलास का, टोपी घातलीस का, गावी कधी येतोस! परवा मोझेसच फोनवर आला, आवाज पडलेला. म्हणाला, "दादा, शाळेतून बाईंचा निरोप आलाय. मीसाक वर्गात कुणाचं ऐकत नाही, बाईंनाच शिकवते. आमचं तर ती ऐकतच नाही. तुम्ही मोठे आहात, जरा समज द्याल का तिला?"

मी! समज! अरे बाबा, हिच्या धाकानं तर मी अँकरेजला पळालो होतो!